साडेबारा रुपये

विद्याधर कर्णिकला माणसं ओळखता येत नाहीत, हे त्याच्या बायकोचं, उत्तराचं, मत लग्नानंतर दोन महिन्यांतच पक्कं झालं होतं, आणि पुढच्या आठ वर्षांत ते बदलावं असं त्याने काही केलं नाही. गोड बोलला तो चांगला, आवाज चढवला तो वाईट, इतका त्याचा सरळ हिशेब. स्वभावाने म्हणाल तर गरीब गाय. जोगेश्वरीच्या रंगाच्या कारखान्यात हजेरीकारकून, पगार एकशे पस्तीस रुपये, अंधेरीला गुंदवलीच्या वाटेवर दोन खोल्या, बायको आणि पाच वर्षांची कुंदा. कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नसे, आणि त्या दिवसांत अंधेरीही अशी होती की तीसुद्धा कुणाला नाही म्हणत नसे.

म्हणजे काय, तर खिशात पैसा नसला तरी कुणाचं काही अडायचं नाही. दुकानात जायचं, हवं ते घ्यायचं आणि म्हणायचं, ‘लिहून ठेवा.’ झालं काम. वाणी लिहून ठेवायचा, कापडवाला लिहून ठेवायचा, दूधवाला तर न सांगता लिहून ठेवायचा. बोलायला सोपे असे दोनच शब्द, पण त्या दोन शब्दांवर अर्धी अंधेरी जेवत होती. विद्याधर तर पोटभर जेवत होता.

एक तारखेला पगार झाला की तो जोगेश्वरीहून चालत यायचा. बसचे दोन आणे वाचवायचे म्हणून चालायचा, असं तो सांगे. खरं कारण निराळं होतं. जितका उशिरा पोचेन तितका दशरथ वाणी उशिरा भेटेल, हे ते कारण. पण दशरथचं दुकान नेमकं गल्लीच्या तोंडाशी. त्याला चुकवून घरी जायला पंख असते तरच जमलं असतं.

दशरथ मूळचा मालवणकडचा. तीस वर्षं मुंबईत काढली, पण राग आला की तो सरळ गावाला जाऊन पोचायचा. “काय कर्णिकानूं, खंय चाललात? एक तारीख ना आज? की तुमच्या कारखान्यात तारखा वेगळ्या असतत?” हे सगळं पाच गिऱ्हाइकांसमोर, तेही रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला ऐकू जाईल अशा आवाजात. विद्याधरच्या कानशिलांना आग लागायची. तो मुकाट्याने खिशात हात घालून पंधरा-वीस रुपये मोजायचा. दशरथ ते लाल वहीत मांडून घ्यायचा आणि लगेच पुढच्याला ओरडायला मोकळा व्हायचा.

त्याच्यानंतर कापडवाला. तो ओरडायचा नाही, पण दारात बसून राहायचा. त्याला दहा. कारखान्यातल्या नंदकुमारचे वीस रुपये देणं होतं, तो कधी मागत नसे, म्हणून त्याला कधी मिळतही नसत. आणि मग संध्याकाळी, अंग धुऊन, स्वच्छ सदरा घालून, विद्याधर जायचा भाऊंकडे.

भाऊ सबनीस. निवृत्त हेडक्लार्क, पांढराशुभ्र सदरा, तोंडात सदा साखर. दोन वर्षांपूर्वी विद्याधरच्या धाकट्या बहिणीचं, शुभाचं, लग्न ठरलं आणि दोनशे रुपये कमी पडले, तेव्हा भाऊंनी खुर्चीवरून न उठता काढून दिले होते. रुपयाला महिना एक आणा, एवढं व्याज. दर महिन्याचे साडेबारा रुपये विद्याधर पाकिटात घालून न्यायचा. भाऊ पाकीट उघडूनही बघत नसत. चहा यायचा, बिस्किटं यायची, कुंदाची चौकशी व्हायची. विद्याधर कसनुसा होऊन म्हणायचा, “भाऊ, मुद्दलाचं मात्र अजून...”

“अरे मुद्दल कुठे पळून जातंय? घाई करू नकोस. तू व्याज वेळेवर देतोस, मला तेवढं बस आहे.”

हे ऐकलं की विद्याधरचं मन भरून यायचं. कुठे तो दशरथ, आणि कुठे हा देवमाणूस. घरी येऊन तो उत्तराला हेच सांगायचा, आणि उत्तरा दिवाळीला भाऊंकडे करंज्यांचा डबा धाडायची. दशरथकडे कधी धाडला नाही. त्याच्याकडून करंज्यांचा रवा आणि डालडा तेवढा आणला, तोही लिहून ठेवा म्हणूनच.

चोपन्न सालच्या फेब्रुवारीतला एक रविवार. दुपारची जेवणं उरकून उत्तरा भांडी पुसत होती. तेवढ्यात भाऊ आले. बरोबर एक लठ्ठसे गृहस्थ आणि त्यांची बायको. “सहज आलो,” भाऊ म्हणाले. “हे माझ्या पुतण्याचे सासरे होणार आहेत. म्हटलं आमच्या विद्याधरची जागा किती हवेशीर आहे ती तुम्हाला दाखवतो.”

विद्याधर हरखला. त्याने पाहुण्यांना खिडकीतून मरोळच्या बाजूचे मळे दाखवले, मोरीतलं पाणी दाखवलं, एवढंच काय, उत्तराच्या फडताळाचं दारसुद्धा उघडून दाखवलं. उत्तरा चहा ठेवून कोपऱ्यात उभी राहिली आणि तिचं लक्ष भाऊंच्या हाताकडे गेलं. बोलता बोलता भाऊ स्वयंपाकघराची भिंत वितीने मोजत होते. सात विती झाल्या. त्यांनी त्या लठ्ठ गृहस्थांकडे बघून मान हलवली. बाई म्हणाल्या, “कपाट बसेल मग.”

पाहुणे गेल्यावर उत्तराने कपबशा उचलल्या नाहीत. ती तिथेच खाली बसली.

“अहो, ते भिंत का मोजत होते?”

“काय की. असेल काहीतरी. भाऊंना सवय असते बघायची.”

“आठ वर्षांत माझ्या बापाने माझी भिंत मोजली नाही. यांना कशाची सवय?” उत्तरा म्हणाली. “तुम्ही त्यांना काय लिहून दिलंय?”

विद्याधरने आधी खिडकीबाहेर बघितलं, मग कुंदाकडे, मग छताकडे. तिन्हीकडून मदत आली नाही. तेव्हा त्याने सांगितलं. दोनशे रुपये घेताना एक स्टॅम्पाचा कागद केला होता. भाऊ म्हणाले होते, नुसती रीत म्हणून. चोपन्नच्या पाडव्यापर्यंत मुद्दल एकरकमी फेडायचं, नाही फेडलं तर खोल्यांचा ताबा भाऊंकडे. भाडेपावत्यांची चवडही त्यांच्याच कपाटात होती. “पण ते तसं करणार नाहीत गं,” तो म्हणाला. “इतका भला माणूस. तेच म्हणतात, घाई करू नकोस.”

“मग, ते घाई करा असं कशाला म्हणतील?”

दोन वर्षं जे ऐकून विद्याधरचे डोळे पाणावत होते, ते वाक्य त्याला प्रथमच नीट ऐकू आलं. अंधेरीत तेव्हा दोन खोल्यांना हजार-दीड हजार पागडी पडत होती. दोनशेत कोण देणार?

त्याला वाटलं, आता उत्तरा बोलायला लागेल आणि संध्याकाळपर्यंत थांबणार नाही. पण ती उठली. तिने जुन्या कॅलेंडरचं पान फाडून आणलं, पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, “सांगा. कुणाकुणाचं?”

त्याने सांगितलं. दशरथ अठ्ठावन्न रुपये. कापडवाला पस्तीस. नंदकुमार वीस. भाऊ दोनशे. उत्तराने चार ओळी लिहिल्या आणि प्रत्येक ओळीपुढे एक जागा रिकामी ठेवली. “आता सांगा, न देता एक महिना गेला तर कुणाचे किती वाढतात?”

दशरथचे? वाढत नाहीत. तो ओरडतो तेवढंच. कापडवाल्याचे? नाही. नंदकुमारचे? छे. भाऊंचे साडेबारा.

“बहिणीच्या लग्नाला किती महिने झाले?”

“बावीस.”

उत्तराने गुणाकार केला, तिचं उत्तर बघून विद्याधरने पुन्हा केला. दोनशे पंचाहत्तर रुपये. दोनशे घेतले होते, दोनशे पंचाहत्तर दिले होते, आणि दोनशे अजून तसेच होते. कुंदा कपबशीतली उरलेली साखर चाटत होती, तिला कुणी थांबवलं नाही.

“आणि मी त्या माणसाला दोन दिवाळ्या करंज्या धाडल्या,” उत्तरा शेवटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते करंज्यांचं होतं की खोल्यांचं, हे तिलाही सांगता आलं नसतं. “तुम्ही कसे देता माहितेय? जो ओरडेल त्याला आधी. ज्याची लाज वाटेल त्याला आधी. आणि जो घर गिळतोय त्याला चहा पिऊन थँक्यू.”

विद्याधर मान खाली घालून बसला.

आता करायचं काय? पाडव्याला दोन महिनेही उरले नव्हते. विद्याधर म्हणाला, कापडवाल्याच्या ओळखीत एकजण आहे, तो देईल दोनशे. उत्तरा म्हणाली, “म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर. किती दिवस टोप्या फिरवणार आहात? जिथे व्याज कमी असेल तिथून आणायचे आणि इथले संपवायचे. तसं कुठे मिळतं ते शोधा.”

तसं मिळत होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात नंदकुमारने सांगितलं. अंधेरीतल्याच लोकांनी चार वर्षांपूर्वी एक पतपेढी काढली होती, दर बुधवारी संध्याकाळी मराठी शाळेच्या एका वर्गात भरायची. दहा रुपयांचा भाग घेऊन सभासद व्हायचं, कर्जाला व्याज वर्षाला शेकडा सव्वासहा. विद्याधरने हजेरीच्या पुस्तकामागे आकडेमोड केली. दोनशेवर वर्षाला साडेबारा रुपये. तो आकडा बघून त्याने सगळी मांडणी पुन्हा तपासली. पतपेढी वर्षाला जेवढं घेते तेवढं भाऊ महिन्याला घेत होते.

“पण दोन सभासदांचा जामीन लागतो,” नंदकुमार म्हणाला. “तू बुडवलेस तर त्यांनी भरायचे. एक सही माझी धर.”

“अरे, तुझेच वीस रुपये माझ्याकडे आहेत.”

“ते मला माहीत आहेत, यार. दुसरा बघ.”

दुसरा बघायला विद्याधर आठ दिवस फिरला. ओळखीचे तीन सभासद निघाले, तिघेही मोठे गोड बोलणारे. एकाने बटाटेवडे खाऊ घातले. एक म्हणाला, “तुझ्यासाठी जीव देईन रे, पण सहीचं तेवढं सांगू नकोस.” तिसऱ्याच्या बायकोने तर उत्तरासाठी गजराही दिला. तिघांकडून तो पोट भरून आणि हात हलवत परत आला.

इकडे उत्तरा थांबली नव्हती. लग्नातल्या शालूची जर काढून तिने जरवाल्याला विकली आणि भाग घ्यायला दहा रुपये उभे केले. शालूवर तिचा जीव होता. काठ तिने स्वतः, विद्याधरसमोर बसून उसवला, आणि त्याला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मग एका संध्याकाळी ती शाळेवरून येताना थांबून पतपेढीची पाटी वाचून आली.

“त्या पाटीवर संस्थापक सभासदांची नावं आहेत. चौथं नाव दशरथचं आहे.”

“मी त्याच्याकडे जाणार नाही,” विद्याधर म्हणाला. “त्याचे अठ्ठावन्न रुपये आहेत माझ्याकडे. ते द्यायचे सोडून वर जामीन राहा म्हणू? सगळ्या गल्लीसमोर तो माझी अब्रू काढेल.”

“काढू दे. अब्रू गेली तर खोल्यांत बसून रडता येईल. खोल्या गेल्या तर कुठे बसणार?”

तो गेला. वीस तारीख होती, संध्याकाळची वेळ. दुकानात चार-पाच बायका होत्या आणि सगळ्या ओळखीच्या. दशरथ तूरडाळ तोलत होता. विद्याधरला बघताच त्याचा आवाज चढला. “या कर्णिकानूं. वीस तारीख. म्हणजे द्यायला नाय आलात, न्यायला आलात. काय लिहू?”

“काही लिहू नका,” विद्याधर म्हणाला. “या महिन्यात तुम्हाला द्यायला जमणार नाही, पुढच्याही महिन्यात नाही, असं सांगायला आलोय. आणि आणखी एक मागायचं आहे.”

पुड्या बांधायचा दोरा दशरथच्या हातातच राहिला. असं कुणी त्याला आजवर सांगितलं नव्हतं. लोक तोंड चुकवायचे, मुलांना पाठवायचे, आजारी पडायचे.

“कित्याक नाय?”

तेव्हा विद्याधरने, त्याच बायकांसमोर, भाऊंचा सगळा हिशेब सांगितला. सांगताना लाज वाटली, पण अर्ध्यावर आल्यावर ती कमी झाली. बावीस महिने, दोनशे पंचाहत्तर, स्टॅम्पाचा कागद, मोजलेली भिंत. दशरथने तराजू खाली ठेवला.

“माका एक सांगा. त्या भाऊने तुमका कधी ओरडून मागितले?”

“कधीच नाही.”

“आणि चहा देता तो?”

“दर वेळी.”

“व्हय,” दशरथ म्हणाला आणि पुन्हा तराजू उचलला. “आणखी काय मागूचा होता?”

“पतपेढीत जामीन लागतो. दोनशेला.”

दशरथने डाळ तोलली, पुडी बांधली, पैसे घेतले. दशरथ गप्प बसला की काय होतं हे गल्लीत कुणी बघितलेलंच नव्हतं, त्यामुळे विद्याधर जास्तच घाबरला. तो वळणार तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, “बुधवारी शाळेत या.” हे हो की नाही, ते त्याला कळलं नाही. घरी येऊन त्याने उत्तराला तसंच सांगितलं. उत्तरा म्हणाली, “नाही म्हणायचं असतं तर ते तिथेच म्हणाले असते, आणि मला घरात ऐकू आलं असतं.”

बुधवारी शाळेत समितीचे तिघे मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. अध्यक्ष निवृत्त मास्तर होते. नंदकुमारने सही केली. दुसऱ्या जागेवर बोट ठेवून मास्तरांनी विचारलं, “इथे कोण?” विद्याधर दाराकडे बघत राहिला. दहा मिनिटं गेली. मास्तरांनी घड्याळ बघितलं, मग कागद बाजूला सारला, आणि पुढचा अर्ज उचलला.

तेवढ्यात दशरथ आला. डोक्यावर गोणपाटात बांधलेलं गाठोडं, कपाळावर घाम. दुकान बंद करून आला होता, आणि संध्याकाळच्या वेळी दशरथने दुकान बंद केलेलं त्याआधी फक्त त्याची आई वारली तेव्हा. त्याने विद्याधरकडे बघितलंही नाही. “सही खंय करूची?”

“थांबा, दशरथशेठ,” मास्तर म्हणाले. “अर्जात यांनी देणी लिहिली आहेत. तुमचेच अठ्ठावन्न येणं आहे. म्हणजे यांनी तुमचे बुडवले आहेत, आणि तुम्हीच जामीन?”

“बुडवले?” दशरथचा आवाज शाळाभर घुमला. त्याने गाठोडं बाकावर सोडलं. आत सात वह्या होत्या, लाल कापडी बांधणीच्या, सत्तेचाळीसपासूनच्या. “मास्तर, तुम्ही शिकलेले, तुम्ही वाचा. कर्णिक नावाचं पान काढा. सात वर्षं. एक महिना दाखवा, ज्यात या माणसान काय दिल्यान नाय.”

मास्तरांनी चष्मा लावला. पानं उलटली. बाकीचे दोघे वाकून बघू लागले. दशरथ शेजारी उभा राहून बोट ठेवत होता, आणि त्याला वाचायचीही गरज नव्हती, त्याला पाठ होतं. “हो बघा, मुलगी झाली तो महिनो. दवाखान्याचा खर्च. तरी सात रुपये. हो बहिणीच्या लग्नाचो. लोक लग्नात वाण्याक विसरतत. ह्यांनी पाच रुपये हळदीच्या हातान आणून दिले, बघा, कागदावर पिवळा बोट अजून आसा. हो पन्नास सालचो, कारखाना संपावर होतो. तीन रुपये. तीन. पण दिले.”

“मग तुम्ही यांच्यावर एवढे ओरडता का हो?” समितीतला एकजण हसून म्हणाला. “स्टेशनपर्यंत ऐकू येतं.”

“देणाऱ्यावरच ओरडतंय मी,” दशरथ म्हणाला. “बुडवणाऱ्यावर ओरडून घसो कोण फोडता? तेंचा नाव मी सरळ खोडून टाकतंय.”

विद्याधर भिंतीला टेकून उभा होता. सात वर्षं या माणसाच्या समोरून तो मान खाली घालून गेला होता. आणि त्याच माणसाने सात वर्षं त्याचा एकेक रुपया, एकेक बोट जपून ठेवलं होतं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण त्याऐवजी त्याने शाळेच्या भिंतीवरचा नकाशा वाचायला सुरुवात केली आणि त्यातलं एकही अक्षर त्याला दिसलं नाही.

दशरथने सही केली. सही कसली, तोलायच्या वजनांसारखं एकेक अक्षर मांडून ठेवलं. मग तो विद्याधरकडे वळला. “एक अट आसा. उद्यापासून तुमची वही बंद. अठ्ठावन्न सावकाश द्या, माका घाई नाय. पण नवीन काय लिहिणार नाय मी. पाव शेर घ्या, छटाक घ्या, पण रोख घ्या. ‘लिहून ठेवा’ म्हणालात तर सगळ्यांदेखत ओरडान.” एवढं बोलून त्याने वह्या बांधल्या आणि दुकान उघडायला निघून गेला. विद्याधरने आभार मानायच्या आत.

पाडव्याला पंधरा दिवस असताना विद्याधर आणि उत्तरा, दोघंही भाऊंकडे गेली. उत्तरा मुद्दाम गेली. दहा-दहाच्या वीस नोटा आणि वर त्या महिन्याचे साडेबारा तिने स्वतः टेबलावर ठेवले. भाऊंनी या वेळी पैसे मोजले, दोनदा मोजले. “अरे, घाई कशाला केलीस?” ते म्हणाले, पण साखर थोडी कमी पडली होती. कपाटातून स्टॅम्पाचा कागद निघाला, भाडेपावत्या निघाल्या. उत्तराने पावत्या एकेक करून मोजल्या, त्याही दोनदा. चहा आला. कुणी प्यायलं नाही. निघताना विद्याधरच्या तोंडून सवयीने निसटलं, “आभारी आहे, भाऊ.” बाहेर आल्यावर उत्तराने त्याच्याकडे असं बघितलं की तो स्टेशनपर्यंत हसत होता आणि मधूनच डोळे पुसत होता.

पुढचे सोळा महिने विद्याधर दर महिन्याला पतपेढीत तेच साडेबारा रुपये भरत होता, वर व्याजाचा रुपया, नंतर बारा आणे, नंतर आठ आणे. फरक इतकाच की आता ते साडेबारा रुपये कुठेतरी पोचत होते. नंदकुमारचे वीस त्याने न मागता दिले, कापडवाल्याचे पस्तीस आणि दशरथचे अठ्ठावन्नही हळूहळू फेडले. दशरथकडे उत्तरा रोखीने छटाक-छटाक आणायची, आणि गंमत अशी की रोखीने आणल्यावर पुष्कळशा गोष्टी लागेनाशाच झाल्या. शेवटचा हप्ता भरला त्या रविवारी तिघं जुहूला गेली. भेळ घेतली, पैसे आधी दिले, आणि कुंदाला दुसरी पुडी पाहिजे होती ती मिळाली. उत्तरा म्हणाली, एवढी चांगली भेळ तिने कधी खाल्ली नव्हती. भेळ नेहमीसारखीच होती.

पण दशरथचं काय? त्याच्या तोंडावर आभार मानायची विद्याधरची हिंमत सोळा महिन्यांत झाली नाही. शब्द जुळवून जायचा आणि साखर घेऊन परत यायचा. दशरथही आता त्याच्यावर ओरडत नसे, आणि विद्याधरला आपलं उगीच वाटायचं की आपण परके झालो.

शेवटी त्या दिवाळीला उत्तराने डबा भरला. पहिल्या घाण्यातल्या, खुसखुशीत, काठाला मुरड घातलेल्या करंज्या. “बोलता येत नसेल तर बोलू नका,” ती म्हणाली. “नुसता ठेवून या.”

दुकानात दिवाळीची गर्दी होती. विद्याधरने डबा फळीवर ठेवला. दशरथने झाकण उघडून बघितलं, परत लावलं, डबा आतल्या बाजूला, देवाच्या तसबिरीखाली ठेवला. मग गिऱ्हाईक सोडून तो जरा पुढे वाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला होता.

“कर्णिकानूं, बाजूची खोली मिळता. दुकान वाढवूचा म्हणतंय. पतपेढीकडून चारशे काढतलंय. एक जामीन मिळालो. दुसरो...” तो थांबला. मागणं त्याला जमत नव्हतं, हे विद्याधरला लगेच ओळखू आलं. त्या कामात तो स्वतः पारंगत होता. “दुसरी सही तुमची मिळात काय?”

विद्याधरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. अंधेरीत दशरथला ओळखणारे डॉक्टर होते, वकील होते, दोन बंगलेवाले होते. “माझी?” तो म्हणाला. “माझी सही चालेल तिथे?”

दशरथ ताठ उभा राहिला आणि त्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या न्हाव्यापर्यंत गेला. “न चालूक काय झाला? सात वर्षांच्या वह्या मी डोक्यावरून वाहून नेल्या, त्या कित्याक? अंधेरीत तुमच्यापेक्षा खात्रीचो माणूस माका दाखवा, मी तेच्याकडे जातंय.”

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. विद्याधरच्या कानशिलांना आग लागली, पूर्वी लागायची तशीच. फक्त या वेळी त्याने मान खाली घातली नाही.

तो घरी आला तेव्हा उत्तरा दुसरा घाणा तळत होती. रिकाम्या हातांनी तो दारात उभा राहिला.

“काय झालं? घेतल्या ना त्यांनी?”

“घेतल्या,” विद्याधर म्हणाला. “आणि ओरडला माझ्यावर. सगळ्यांदेखत.” तो खाली बसला आणि मोठ्या माणसाने रडू नये तसा रडला. उत्तराने त्याचा चेहरा नीट बघितला, आणि काय ओरडला ते न विचारता कढई खाली उतरवून ती त्याच्याजवळ येऊन बसली.